ब्लूबेरीला राख घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत, बागकामाच्या सदरात, मध्यंतरी कुंडीतल्या ब्लूबेरीवर लेख आला. वसंत लागला की बुंध्याभोवतीची माती खोल खणावी, दोन ओंजळी शेणखत आणि मूठभर राख मिसळावी, म्हणजे झाड जोमानं फुटतं, असं त्यात लिहिलं आहे. हा सल्ला वांग्याला चालेल, दुधीला चालेल, पडवळाला चालेल. ब्लूबेरीला नाही. या तिन्ही गोष्टी मी स्वतः एका वसंतात केल्या आणि हातचं एक झाड गमावलं. म्हणून हे पत्र.

लेख वाचून मी कदाचित गप्प बसले असते. पण धुळवडीच्या दिवशी पुण्याहून भाचीचा फोन आला. इथे अमेरिकेत तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. तिनं गेल्या वर्षी ब्लूबेरीचं रोप ऑनलाइन मागवलंय, गच्चीत कुंडीत लावलंय. म्हणाली, "मावशी, सोसायटीच्या होळीची राख डबाभर आणून ठेवलीय. पेपरात आलंय ना, राख घालायची म्हणून. किती घालू?" मी म्हटलं, "डबा बाजूला ठेव आणि कुंडीला हात लावू नकोस." मग तासभर फोनवर तिला जे सांगितलं, तेच आपल्या वाचकांना सांगावंसं वाटलं. तिच्यासारखे डबा भरून बसलेले आणखी कितीतरी असतील.

मी मूळची चिपळूणची. एकतीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर आम्ही दोघं मुलाकडे न्यू जर्सीत राहायला आलो. ह्यांना झाडांचं वेड. २०१२ च्या वसंतात ह्यांनी मागच्या अंगणात ब्लूबेरीची तीन झुडपं लावली: एक ड्यूक, एक ब्लूक्रॉप, एक जर्सी. ड्यूक लवकर पिकते, ब्लूक्रॉप मधली, जर्सी उशिरा, म्हणजे नातवंडांना दीड महिना फळं खाता येतील असा त्यामागे हिशेब होता. तो हिशेब जमलाही. २०१७ च्या डिसेंबरात हे गेले. पुढच्या मार्चमध्ये बर्फ वितळलं आणि मागचं दार उघडून पाहिलं, तर ती तीन झुडपं काड्या होऊन उभी. आता यांचं सगळं मीच करायचं, असं मी ठरवलं.

आणि मला जे माहीत होतं ते मी केलं. आई आमच्या परसात मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत चुलीतली राख भाज्यांवर भुरभुरायची. त्या हिवाळ्यात आमच्या घरातल्या शेकोटीत लाकडं भरपूर जळली होती, राख बादलीभर होती. ती सगळी मी तीन झुडपांत वाटली. दुकानातून शेणखताच्या पिशव्या आणल्या आणि खुरप्यानं बुंध्याभोवती वीतभर खोल खणून त्यात मिसळल्या. मे महिन्यात पानं आली ती फिकट. जूनपर्यंत पिवळी पडली, फक्त शिरा हिरव्या राहिल्या, कडा करपल्या. मला वाटलं उपाशी आहेत, म्हणून आणखी शेणखत दिलं. ऑगस्टमध्ये ड्यूक वाळून गेली. ह्यांनी लावलेलं झाड माझ्या हातून गेलं, हे दुःख मला अजून आहे, आणि ते लपवण्याचं कारणही नाही.

शाळेत दरवर्षी मी एक प्रयोग करून दाखवत असे. राख पाण्यात कालवायची, गाळायची आणि त्यात लाल लिटमस बुडवायचा. कागद निळा होतो. राख अल्कधर्मी असते, हे मी हजारभर मुलांना शिकवलं असेल. ब्लूबेरीला नेमकी उलटी, आंबट माती लागते, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नाही.

ब्लूबेरीला मातीचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ४.५ ते ५.२ च्या आसपास लागतो; हा आकडा जितका लहान तितकी माती आंबट. आपल्या बहुतेक भाज्या साडेसहाच्या मागेपुढे सुखी असतात. चार आणि सहा हे आकडे जवळचे वाटतात, पण सामू एका अंकानं बदलला की आम्लता दहा पटींनी बदलते. म्हणजे ४.८ आणि ६.८ यांत शंभर पटींचं अंतर. सामू वर गेला की मातीत लोह असूनही ते पाण्यात विरघळत नाही आणि मुळांना घेता येत नाही. ताट वाढलेलं आहे, पण हात बांधलेले आहेत, अशी झाडाची गत होते. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही त्याची खूण. हे चिन्ह दिसलं की खत वाढवायचं नसतं, माती तपासायची असते.

मी ती तपासली, पण ड्यूक गेल्यावर. इथे रटगर्स विद्यापीठाची माती परीक्षणाची प्रयोगशाळा आहे. पिशवीत माती भरून पाठवायची, अहवाल घरी येतो. आमचा अहवाल आला: सामू ७.१. सगळा दोष राखेचाच नव्हता. झुडपं घराच्या भिंतीपासून चार फुटांवर होती आणि काँक्रीटच्या पायातून चुना पाझरत असतो. शिवाय हिरवळीची देखभाल करणारा माणूस दर शरद ऋतूत गवतावर चुना टाकून जायचा, कारण गवताला तो मानवतो. मी आणखी बादलीभर राख घालून उरलंसुरलं पुरं केलं.

ह्या झाडाची मुळंही वेगळी. घेवड्याचं बी रुजवून त्याच्या मुळावरची मूलरोमं मी मुलांना भिंगातून दाखवायची. ब्लूबेरीला ती नसतातच. केसासारखी बारीक तंतुमुळं असतात, बहुतेक वरच्या फूटभर मातीत, आणि मातीतली एक बुरशी त्यांच्यात वस्ती करून त्यांना अन्न मिळवून देते. एवढ्या वर असलेल्या नाजूक मुळांभोवती खुरपं चालवणं म्हणजे ती तोडणंच. म्हणून वसंतात खणू नये. तण दिसलं तर हातानं उपटावं. शेणखताचं म्हणाल, तर ते वाईट नाही, पण ते बहुधा उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी असतं आणि त्यात क्षार असतात. ब्लूबेरीला क्षार सोसत नाहीत.

यात माझं नवीन काही नाही. फ्रेडरिक कोव्हिल नावाचे अमेरिकी कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ होते. ब्लूबेरी तोवर रानातच होती. लोक रानात जाऊन तोडून आणत, त्याआधी शेकडो वर्षं इथले मूळ रहिवासी लेनापे लोक ती सुकवून हिवाळ्यासाठी ठेवत, पण शेतात ती कुणालाच साधत नव्हती. उत्तम, कसदार बागेतल्या मातीत लावली की मरायची. कोव्हिल यांनी प्रयोग करून १९१० साली पुस्तिका काढली. भरपूर खत घातलेल्या मातीत आणि चुन्यानं गोड केलेल्या, म्हणजे आंबटपणा मारलेल्या, मातीत हे झाड जोम धरत नाही, हे त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवलं आहे. त्याला आता शंभरावर वर्षं होऊन गेली आणि अजून आपण तेच करतो आहोत.

ती पुस्तिका वाचली न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी. वडिलांची क्रॅनबेरीची मोठी शेती होती व्हाइट्सबॉगला, पाइनच्या रानात. पांढरी वाळू, तिच्यावर काळपट कुजलेल्या पानांचा थर आणि चहासारखं तांबूस पाणी. बाईंनी कोव्हिल यांना पत्र लिहून कळवलं की जमीन आमची, प्रयोग तुमचे. मग त्यांनी आसपासच्या रानात फिरणाऱ्या लोकांना अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दिली, तिला साधारण सोळा मिलिमीटरचं भोक. ज्या झुडपाची फळं या भोकातून खाली पडणार नाहीत ते झुडूप दाखवा, पैसे देईन, शिवाय त्या झुडपाला तुमचं नाव देईन. रूब लीक नावाच्या माणसानं दाखवलेल्या झुडपाचं नाव पडलं 'रूबेल', रूब आणि त्याच्या आडनावाचं पहिलं अक्षर. १९१६ साली व्हाइट्सबॉगची पहिली ब्लूबेरी बाजारात गेली. आज जगात जिथे जिथे उंच झुडपाच्या ब्लूबेरीची शेती होते, तिचं बरंचसं मूळ या एका वाळूच्या तुकड्यात आणि रानवाटा माहीत असलेल्या त्या साध्या माणसांच्या नजरेत आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडेही कुठल्या जाळीची करवंदं मोठी हे गुराख्यालाच ठाऊक असतं, पण त्या जाळीला त्याचं नाव दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

ड्यूक गेली त्याच्या पुढच्या वर्षी मुलगा मला व्हाइट्सबॉगला घेऊन गेला. आमच्या घरापासून गाडीनं तासाभराचा रस्ता. तिथली माती मी हातात घेतली. आपल्या दृष्टीनं ही माती नापीकच. भुरभुरीत, राखाडी, ओलसर. चिपळूणला अशा मातीत कुणी मेथीसुद्धा पेरणार नाही. आणि तिच्यात माणसापेक्षा उंच झुडपं उभी होती. तेव्हा मला कळलं की या झाडाला मी आमच्या परसातलं समजून वागवलं, ते कुठून आलंय हे पाहिलंच नाही.

आता वसंतात नेमकं काय करायचं ते सांगते. इथला माझा हिशेब सणांवर बसलेला आहे. अधिक महिना आला की थोडं मागेपुढे होतं, पण साधारण असं: होळीला छाटणी, पाडव्यानंतर खत, अक्षय्य तृतीयेच्या आसपास फुलं आणि आषाढी एकादशीच्या सुमारास फळं.

छाटणी ही सगळ्यांत महत्त्वाची, आणि मायेपोटी माणूस तिथेच हात आखडतो. ह्यांनी पाच वर्षांत एकही फांदी कापली नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांना हे सांगायला नको, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी चुकली तर काय होतं ते त्यांना पाठ आहे. ब्लूबेरीची छाटणी वर्षातून एकदाच, झाड झोपेत असताना, डोळे फुगायच्या बेतात असताना. जुनं खोड ओळखायला सोपं असतं. राखाडी रंग, सालपटं निघालेली, वरच्या टोकाला बारीक काटक्यांचा गुंता. नवी फांदी गुळगुळीत आणि लालसर. सहा-सात वर्षांवरचं खोड जमिनीलगत कापायचं, मधूनच नाही. जाणत्या झाडातली दोन-तीन जुनी खोडं दर वर्षी काढली की खालून नवी येत राहतात. फांदीवर दोन तऱ्हेचे डोळे दिसतात. टोकाकडचे फुगीर, गोलसर ते फुलांचे आणि खालचे बारीक, अणकुचीदार ते पानांचे. प्रत्येक फुगीर डोळ्यातून फुलांचा घोस निघतो. म्हणून कापताना जीव तुटतो. पण सगळे ठेवले तर फळं वाटाण्याएवढी होतात आणि फांद्या जमिनीला टेकतात. मी पहिल्यांदा ब्लूक्रॉपची तीन जुनी खोडं कापली तेव्हा सूनबाई म्हणाली, "आई, अर्धं झाड गेलं." दुसऱ्या वर्षी खालून पाच नव्या फांद्या आल्या, लालचुटूक.

नव्या रोपाला मात्र पहिली दोन वर्षं फुलं धरू देऊ नयेत. चिमटीनं खुडून टाकावीत. झाडाची ताकद मुळांना जाऊ द्यावी.

छाटणी झाली की खालचा पाचोळा आणि गेल्या वर्षीची वाळलेली फळं वेचून काढते. इथे 'ममी बेरी' नावाचा बुरशीचा रोग आहे. सुरकुतलेलं फळ मातीत हिवाळाभर पडून राहतं आणि वसंतात त्यातून तपकिरी रंगाच्या इवल्या वाट्या उगवतात, त्यांतून रोग कोवळ्या फुटीवर जातो. फळं वेचायची आणि वर दोन-तीन इंच आच्छादन घालायचं, म्हणजे उरलेली गाडली जातात. आच्छादनाला मी पाइनच्या सालीचा चुरा वापरते. भुसा चालतो, पाइनच्या सुया चालतात. सुयांनी माती आंबट होते असं म्हणतात, तसं फारसं होत नाही. पण मुळं थंड आणि ओलसर राहतात आणि खुरपं चालवायची वेळ येत नाही, हे काय कमी आहे!

सामू उतरवायचा तो गंधकानं. साधं गंधक मातीतले जीवाणू खातात आणि त्याचं आम्ल करतात. हे जीवाणू थंडीत स्वस्थ बसतात, त्यामुळे गंधक घातल्यावर परिणाम दिसायला महिने लागतात. वाळूच्या मातीत थोडं पुरतं, चिकणमातीत दुप्पट-तिप्पट लागतं, म्हणून अहवाल हातात असल्याशिवाय घालू नये आणि एकदम भरमसाट तर मुळीच नाही. आमचा सामू ७.१ वरून ५.१ वर यायला तीन वर्षं लागली. भाचीनं विचारलं, ताक घालू का, लिंबू पिळू का, कॉफीचा चोथा घालू का? वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यात आम्ल फारसं उरतच नाही. ताका-लिंबाचा, व्हिनेगरचा परिणाम टिकत नाही, वर ताकानं मुंग्या-माश्या येतील. हे सगळं विसरावं.

खत द्यायचं ते डोळे फुटू लागल्यावर, तेही थोडं. या झाडाला नत्र अमोनियमच्या रूपात लागतं, नायट्रेट त्याला नीट वापरता येत नाही. अमोनियम सल्फेट म्हणूनच चांगलं, त्यानं सामूही खाली राहतो. जमिनीतल्या झाडाला पहिल्या वर्षी साधारण ३० ग्रॅम, मग दर वर्षी तेवढं वाढवत जायचं, आणि मोठ्या झाडालाही वर्षाला सव्वादोनशे ग्रॅमच्या वर जायचं नाही. अर्धं पाडव्यानंतर, अर्धं दीड महिन्यानं. बुंध्याला चिकटून टाकू नये, फांद्यांच्या घेराखाली पसरून टाकावं आणि पाणी द्यावं. सामू आधीच पाचच्या खाली असेल तर त्याऐवजी यूरिया बरा. म्युरेट ऑफ पोटॅश हे पालाशचं खत टाळावं, त्यातलं क्लोराइड याला बाधतं. कुंडीसाठी हा हिशेब धरू नये, कुंडीत यातला चिमूटभरच भाग द्यायचा, फार पातळ करून.

मग फुलं येतात. पांढरी, खाली तोंड केलेली, छोट्या घंटांसारखी. या घंटांतला पराग सहजी बाहेर पडत नाही, परागकोशाच्या टोकाला बारीक भोकं असतात आणि मिठाच्या डबीसारखा तो हलवून काढावा लागतो. इथले केसाळ, गुबगुबीत भुंगे फुलाला लटकतात आणि पंख न फडकवता अंग थरथरवतात. आवाज बदलतो, चढतो, आणि पराग त्यांच्या पोटावर सांडतो. मधमाश्यांना ही थरथर जमत नाही. सकाळी नऊच्या उन्हात मी खुर्ची टाकून हा आवाज ऐकत बसते. फुलं असताना कसलीही फवारणी करू नये, ही हात जोडून विनंती. आणि जागा असेल तर दोन वेगळ्या जाती जवळ लावाव्यात. एकट्या झाडालाही फळ धरतं, पण दोन जातींचा पराग मिसळला की फळ मोठं होतं.

एप्रिलच्या अखेरीस इथे एखाददुसरी रात्र गोठणबिंदूच्या खाली जाते. उमललेलं फूल साधारण उणे दोन अंशांना करपतं. हवामान खात्याचा इशारा आला की संध्याकाळी मी सासूबाईंची सुती पातळं झुडपांवर घालते, जमिनीपर्यंत सोडलेली, म्हणजे मातीची ऊब आत राहते. प्लास्टिक घालू नये, जिथे ते फुलाला टेकतं तिथेच फूल मरतं. सकाळी ऊन आलं की काढायची, नाहीतर भुंग्यांना वाट मिळत नाही. दोन वर्षांपूर्वी अशा लागोपाठ दोन रात्री आल्या होत्या. पातळं घातलेल्या झुडपांचं फूल वाचलं.

आता महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी. मला खरं बोललं पाहिजे. मी जी सांगते आहे ती उत्तरेकडची ब्लूबेरी आहे, तिला सात अंशांच्या खाली आठशे ते हजार तास थंडी लागते, त्याशिवाय तिचे डोळे उघडतच नाहीत. पुण्यात, नागपुरात, कोकणात एवढी थंडी नाही. कोकणातली जांभ्याची माती आंबट आहे, त्यामुळे माझ्या माहेरच्यांना फार आशा वाटते, पण थंडी कुठून आणणार? कमी थंडीत फळणाऱ्या दक्षिणेकडच्या जाती आहेत, मिस्टी, शार्पब्लू, बिलॉक्सी अशा. रोप घेताना जातीचं नाव विचारावं. नुसतं 'ब्लूबेरी' लिहिलेलं रोप घेऊ नये. विकणाऱ्याला जात सांगता येत नसेल तर पैसे खिशात ठेवावेत.

देशावरची काळी माती कुंडीत अजिबात नको. तिच्यात चुनखडी असते आणि तिचा सामू साडेसातच्या वर असतो. बोअरचं पाणीही बहुतेक ठिकाणी जड असतं, तेच रोज घातलं तर गंधकानं कमावलेलं पाण्यानं जातं. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्यासारखं दुसरं नाही. कुंडीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि सालीचा चुरा वापरावा, पण कोकोपीट आधी दोन-तीनदा धुऊन घ्यावं, त्यात क्षार असतात. उन्हाळ्यात दुपारची सावली द्यावी. एवढं करून दोन-चार वाट्या फळं मिळाली तर आनंद मानावा.

माती परीक्षणाच्या प्रयोगशाळा आपल्याकडेही जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. शेतकऱ्यांसाठी आहेत म्हणून गच्चीवाल्यांनी संकोच करू नये.

माझी आपल्याला एवढीच विनंती आहे की पुढच्या रविवारी त्याच सदरात, त्याच जागी, ठळक अक्षरात दुरुस्ती छापावी. आतल्या पानावर कोपऱ्यात नको. लेख होळीच्या आधी आला आणि आता घरोघरी राख आहे. पाडव्याला लोक नवी रोपं आणतील.

आणि ज्यांनी राख घालून झाली आहे त्यांनी घाबरून झाड उपटू नये. नुकतीच वरवर घातली असेल तर वरचा दोन इंचांचा थर हलक्या हातानं काढून टाकावा, मुळं दिसू लागली की थांबावं, आणि धुतलेलं कोकोपीट किंवा सालीचा चुरा भरावा. मिसळून टाकली असेल आणि झाड कुंडीत असेल, तर संध्याकाळी कुंडीतून काढून, मुळांना चिकटलेली माती शक्य तेवढी झटकून, नव्या मिश्रणात लावावं आणि आठवडाभर सावलीत ठेवावं. नवी पानं कशी येतात त्यावर लक्ष ठेवावं. जुनी पिवळी पानं हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे पाहू नये.

आमची जर्सी आणि ब्लूक्रॉप दोन्ही सावरल्या. ड्यूकच्या जागी मी व्हाइट्सबॉगहून परतल्यावर रूबेल आणून लावली. तिची फळं लहान असतात, दुकानातल्यांपेक्षा बरीच लहान, पण रानातली चव तिच्यात अजून आहे. कालच तिची छाटणी केली. एक जुनं खोड काढायचं होतं, तिचं पहिलंच. कापलेल्या काड्या मी शेकोटीजवळ ठेवल्या आहेत. त्यांची राख होईल ती समोरच्या अंगणातल्या लसणाला घालीन.

आपली एक जुनी वाचक,
मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी

(कृपया नाव छापू नये.)